उन्हाळ्यात थंड राहायच्या नादात होणाऱ्या त्याच त्या चुका

चैत्र लागला की इंदूरच्या आमच्या रामबागेत दोन गोष्टी हमखास होतात. घरोघरी नवा माठ येतो, आणि कुणीतरी मला विचारतं, "काकू, यंदा उन्हाळ्यासाठी काय चालू करू?" या 'चालू करू'तच निम्मा घोटाळा आहे. उन्हाळ्यात बहुतेक गोष्टी चालू करायच्या नसतात, सोडायच्या असतात. मी वैद्य नाही, वडील होते. त्यांच्या दवाखान्यात पुड्या बांधताना जे कानावर पडलं आणि गेली बारा-तेरा वर्षं आमचं संध्याकाळचं खेळमंडळ गच्चीवर जमतं त्यात जे डोळ्यांनी पाहिलं, तेवढ्या शिदोरीवर हे लिहिते आहे. खरं कारण म्हणाल तर सांगून सांगून कंटाळले.

उन्हाळ्याचा कार्यक्रम आखणं

माझ्या दिराची सून पुण्याची. गुणी मुलगी, पण हातात सदा यादी. एका एप्रिलमध्ये तिने २१ दिवसांचा 'पित्तशमन' कार्यक्रम आखला. पहाटे साडेचारला उठायचं, कडुनिंबाचा रस प्यायचा, पाऊण तास सूर्यनमस्कार घालायचे, बादलीत बर्फ टाकून अंघोळ, दिवसभर काकडी आणि एकाच वेळी जेवण. कहर म्हणजे संध्याकाळी सव्वासहा ते पावणेसात 'मुलाशी खेळणे', तेही मोबाइलवर घंटी लावून. घंटी वाजली की ही चेंडू घेऊन हजर, दुसरी वाजली की चेंडू कपाटात. पोरगं चार वर्षांचं. त्याने तिसऱ्या दिवशी मोबाइल बादलीत बुडवला. त्या घरात ग्रीष्म ऋतू नीट कळलेला तेवढा तो एकटाच.

नवव्या दिवशी ती ओट्याशीच चक्कर येऊन पडली. ओठ फुटलेले, पोटऱ्यांत गोळे, झोप उडालेली, चार दिवस पोट साफ नाही. दवाखान्यात नेलं, सलाइन लागलं. घरी आल्यावर पहिला प्रश्न, "काकू, इतकं पित्त कमी केलं तरी असं कसं झालं?" अगं बाई, ते पित्त नव्हतंच.

इथे भल्याभल्यांची गाडी घसरते. ऊन म्हणजे उष्णता, उष्णता म्हणजे पित्त, म्हणून उन्हाळा पित्ताचा, असा सरळ हिशेब लोक मांडतात. आयुर्वेदाच्या ग्रंथांचा हिशेब वेगळा आहे. ग्रीष्मात सूर्य अंगातला ओलावा आणि स्निग्धपणा ओढून घेतो, कफ घटतो आणि साठत जातो तो वात. पित्त साठतं पावसाळ्यात आणि उसळतं शरदात, म्हणजे ऑक्टोबरच्या उन्हात. शिवाय शिशिर, वसंत, ग्रीष्म हा आदानकाळ, म्हणजे सूर्य अंगातली ताकद ओढून घेतो तो काळ. त्याचं शेवटचं टोक ग्रीष्म, म्हणून त्या सुमाराला अंगातली ताकद तळाला गेलेली असते. अशा वेळी कडू रस, उपास, झोपमोड आणि घाम गाळणं, सगळंच कोरडं करणारं. वाताला पाट मांडून बसवल्यासारखंच ते.

वाग्भटाने अष्टांगहृदयात ग्रीष्मासाठी गोड, हलकं, स्निग्ध, थंड आणि पातळ खायला सांगितलंय. खारट, तिखट, आंबट, व्यायाम आणि ऊन यांना सुटी द्या म्हणतो. व्यायाम अर्ध्या ताकदीने करायचा, तोसुद्धा थंडीत आणि वसंतात. एरवी त्याहून कमी. धाप लागून तोंडाने श्वास घ्यावासा वाटला की अर्धी ताकद संपली असं समजायचं. मे महिन्यात पाऊण तास सूर्यनमस्कार घालून अभिमानाने घाम पुसणारे दिसले की मी तोंड फिरवते.

आणि याच ऋतुचर्येत पुढे काय आहे? दुपारी गारव्याच्या जागी झोप. रात्री चांदण्यातली गच्ची. पाण्याच्या धारा उडणारं धारागृह. आणि थकवा घालवायला गोड बोबडं बोलणारी मुलं, मैना आणि पोपट. वडील हा भाग वाचून दाखवायचे तेव्हा लहानपणी मला वाटायचं, मी असताना बाबांना पोपट कशाला हवा! सांगायचं ते हे, की खेळ हा दिनचर्येत कोंबायचा आणखी एक रकाना नाही. मुलाशी खेळून आपण त्याच्यावर उपकार करत नसतो, औषध आपणच घेत असतो. घंटी लावून घेतलं तर ते लागू पडत नाही.

सुनेला मी काय केलं म्हणाल तर फार काही नाही. यादी काढून घेतली. सकाळी सहापर्यंत झोप. न्याहारीला सातूचं पीठ, साखर आणि पाणी, वर चमचाभर तूप. रात्री भिजवलेल्या मनुका सकाळी कुस्करून. दुपारी मऊ भात-तूप आणि दुधी. संध्याकाळी मायलेकांना आमच्या गच्चीवर सोडलं. इंदुरात रंगपंचमीच्या गेरनंतर, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीनंतर, घरोघरी पिचकाऱ्या उरलेल्या असतातच, त्याच आमचं धारागृह. आता इथलं पाणी म्हणजे पार जलूद गावाहून चढवून आणलेली नर्मदा, त्यामुळे नियम एकच: सगळ्यांत मिळून एक बादली. तसंही सूर्य कलला की तापलेल्या गच्चीवर पाणी मारावंच लागतं, ते काम पोरं पिचकारीने करतात. भिजून झालं की झब्बू, सागरगोटे, गाण्याच्या भेंड्या. गुण मांडायचे नाहीत. जो डाव जिंकेल त्याने पुढचे पत्ते पिसायचे, म्हणजे जिंकायची हाव आपोआप कमी होते.

आठवड्याने तिने विचारलंच, "काकू, हे किती दिवस करायचं?" मी उत्तर दिलं नाही.

सकाळी ११ वाजता लंगडी

हे पाप माझं स्वतःचं. मंडळाच्या पहिल्या वर्षी बाग रिकामी मिळते म्हणून मी मे महिन्यात सकाळी ११ची वेळ ठरवली. त्या दिवसांत इथे पारा ४०-४२ला टेकतो, आणि मी चाळिशी-पन्नाशीच्या बायकांना लंगडी घालायला लावली! दोघी मळमळून झाडाखाली बसल्या, एकीला धड उभं राहता येईना. सावलीत आडवं केलं, ओले पंचे घातले, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट दिलं, तासाभराने सावरली. तेव्हापासून धावण्याचा खेळ उन्हाळ्यात बंद म्हणजे बंद. ऊन उतरल्याशिवाय गच्चीचं दार मी उघडतच नाही.

एक गोष्ट मात्र थट्टेची नाही. ताप १०४च्या वर, माणूस बरळायला लागला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात. तिथे पन्हं, कांदा, गुलकंद काही शोधत बसू नका. कपडे सैल करा, अंगावर पाणी मारून वारा घाला आणि ताबडतोब हॉस्पिटल गाठा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणीसुद्धा ओतायचं नाही. कांदा खिशात ठेवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. खुशाल ठेवा, पण डोक्यावर पंचाही असू द्या.

'थंड' म्हणजे फ्रिजमधलं, हा समज

माझी दुसरी दुखती नस. आयुर्वेदातलं शीत हे गुणाचं नाव आहे, आकड्याचं नाही. बर्फ टाकलेलं दही हाताला गार लागतं म्हणून थंड होत नाही. दही आंबट, जड आणि उष्ण. ग्रीष्म, शरद आणि वसंत या तिन्ही ऋतूंत ते बहुधा वर्ज्यच, असं चरकसंहिता सांगते. रात्री तर नाहीच. तरीही "उन्हाळा आहे, दही खा" हे वाक्य मी दिवसातून तीनदा ऐकते. सुश्रुताने तर उष्णकाळात ताकालाही मनाई केली आहे. यावरून मी वडिलांशी भांडायचे, कारण ताकाशिवाय माझी दुपार सरकत नाही. आमचा तह असा झाला होता: त्याच दिवशी घुसळलेलं, गोडसर, भरपूर पाण्याचं, जिरेपूड घातलेलं वाटीभर ताक चालेल, आंबट झालं की कढीला. मी अजून तो तह पाळते.

दोन वर्षांपूर्वी ठाण्याहून आत्याकडची मंडळी आली. दिवसभर राजवाडा, लालबाग आणि होळकरांच्या छत्र्या (समाध्या) असं ऊन खात फिरले. रात्री सराफ्यात जायचं म्हणून पोट मुद्दाम रिकामं ठेवलेलं. सोन्याचांदीची दुकानं मिटली की तिथे खाण्याचे ठेले लागतात, हे त्यांनी ऐकलेलं होतं. उत्साह काय विचारता! दहीवडे, भुट्ट्याचा कीस, मग "खूप ऊन लागलंय" म्हणून शिकंजी. त्यांना वाटलं लिंबाचं सरबत येईल. इंदूरची शिकंजी म्हणजे दाट दुधाची, सुकामेवा घातलेली, एक ग्लास म्हणजे एक जेवण. त्यांनी दोन-दोन घेतले, गार होती म्हणून! वर कुल्फी. मी सांगत होते, पण माझं कोण ऐकतं? पहाटे तीनपासून आमच्या घरी एकाच बाथरूमपुढे रांग. दुसऱ्या दिवशीचं मांडूही हुकलं आणि महेश्वरही.

सराफ्याचा दोष नाही. उन्हाने अग्नी मंद झालेला, पोट रिकामं, त्यावर जड, आंबट आणि बर्फगार एकदम. सराफ्यात जायचंच तर एक पदार्थ घ्या, अर्धा शेजारच्याला द्या आणि हिंडा. शब-ए-मालवा म्हणतात ती गार रात्र अजून काही पूर्ण संपलेली नाही, ती फुकट आहे.

पिण्याच्या पाण्याला माठच. त्याच्या अंगातून पाझरणारं पाणी वाऱ्याने उडतं आणि आतलं पाणी घशाला सोसेल एवढंच गार होतं. पण लोक माठ आणतात आणि बंद कोपऱ्यात किंवा ओट्याखाली ठेवतात. वारा नाही तर गारवा कुठून येणार? खिडकीशी, तिवईवर ठेवा, भोवती ओलं फडकं गुंडाळा. नवा माठ रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, आणि आतून साबण लावून घासू नका, त्याची भोकं बुजतात. एका उत्साही शेजारणीने माठ आतून-बाहेरून ऑइलपेंटने रंगवला होता. छान दिसायचा.

बाकीच्या, एकेका ओळीच्या

सबजा कोरडा खाऊ नका, तो घशात फुगतो. अर्धा तास भिजू द्या, मग सरबतात.

माठात वाळ्याची जुडी टाकली की विसरू नका. दोन-तीन दिवसांनी काढून उन्हात वाळवा, नाहीतर पाण्याला सुगंधाऐवजी कुबट वास येतो.

जिरावण, म्हणजे इंदूरचा तिखट-खारट मसाला, पोह्यांवर ठीक. काकडीवर, कैरीवर, कलिंगडावर, सगळीकडे शिंपडलं तर खारट आणि तिखट दोन्ही एकदम पोटात. इंदूरकर मला यासाठी वाळीत टाकतील, ठाऊक आहे.

अंगाला तिळाचं तेल थंडीत. ते उष्ण. आता खोबरेल, तेही अंघोळीआधी हलकंच.

दुपारची झोप आळस म्हणून टाळणारे माझ्या माहितीत पुष्कळ. एरवी दिवसा झोपू नये हे खरं, पण ग्रीष्माला त्यातून सूट आहे. मी घटकाभर पडते आणि फोन उचलत नाही.

रात्री तळपायांना तूप लावून काशाच्या वाटीने घासतात, त्याने मला तरी छान झोप लागते. पण तळवे काळपट झाले की "बघा, उष्णता बाहेर आली!" असं म्हणू नका. काशात तांबं असतं, ते तूप आणि घामाशी घासलं की काळं पडतंच. जास्त काळं निघावं म्हणून तासभर रगडणारे गृहस्थ मी पाहिलेत, दुसऱ्या दिवशी चप्पल घालवत नव्हती. पाच-सात मिनिटं पुरे, आणि नातवंडाकडून करून घेतलं तर गुदगुल्या वेगळ्या.

कूलरचं शेवटचं. मे महिन्यात माळव्याची हवा कोरडी, म्हणून कूलर झकास चालतो. जूनमध्ये ढग जमायला लागले की तोच खोलीत दमट चिकचिक भरतो, सांधे धरतात, आणि लोक त्यात आणखी पाणी ओततात. पाण्याचा पंप बंद करा, नुसता पंखा ठेवा, खिडकी उघडा. पहिल्या सरीला टाकी रिकामी करून पुसून ठेवा, नाहीतर साचलेल्या पाण्यात डास आपलं खेळमंडळ काढतात.