रॉक म्युझिकल करताय? आधी हशाला जागा ठेवा

तालीम कशी लावायची, स्पर्धेला कधी उतरायचं हे तुम्हाला माहीतच आहे, ते सांगत बसत नाही. मला बोलायचंय फक्त ट्रॅकबद्दल, म्हणजे आधीच रेकॉर्ड करून ठेवलेल्या म्युझिकबद्दल, कारण आमचं पहिलं विनोदी रॉक म्युझिकल त्या ट्रॅकनेच खाल्लं आणि ती रात्र आठवली की अजून पोटात गोळा येतो.

ड्रमर, बेसवाला आणि दोन गिटारवाले, एवढ्यांना रोज फोंड्याला तालमीला आणणं जमेना. मग कुणीतरी सुचवलं, सगळं म्युझिक रेकॉर्ड करून घ्या, पोरं वरून गातील. स्वस्त पडलं, तालमीतही चोख बसलं. प्रयोगात दुसऱ्याच गाण्याच्या पहिल्या ओळीला हॉल हसला, चांगला पाच-सहा सेकंद हसला, आणि ट्रॅक आपला पुढे निघून गेला. हिशोब बघा. गाणं १४० च्या टेम्पोत, मिनिटाला १४० मात्रा, म्हणजे चार मात्रांचा एक बार पावणेदोन सेकंदांचाही नाही. सहा सेकंद हशा म्हणजे साडेतीन बार गेले, आमची ओळ दोन बारची, म्हणजे जवळजवळ दोन ओळी कुणाला ऐकूच आल्या नाहीत आणि पुढचा जोक नेमका त्याच ओळींवर उभा होता. असं दोन-तीनदा झालं की लोकांना कळतं, हसलं की शब्द सुटतात, मग ते हसायचेच थांबतात. प्रेक्षक थंड नव्हता हो, आम्ही त्याला गप्प बसवला. आणि तालमीत हे कळणारच नाही, कारण तिथे जोक सगळ्यांना पाठ झालेले असतात, हसणार कोण? म्हणून शेवटच्या आठवड्यात दहा-बारा परके लोक आणून बसवा, वाड्यावरचे शेजारी चालतील.

याचं उत्तर तर आपल्याकडेच होतं. संगीत नाटकात वन्समोर आला की ऑर्गनवाला आणि तबलजी नटाकडे बघून परत धरतात. तियात्राचा, म्हणजे गोव्याच्या कोंकणी नाटकाचा, बँडही तसाच, समोर लाइव्ह बसलेला, आणि कांतारं, म्हणजे त्यातली गाणी, पडद्यांच्या (अंकांच्या) मधे येतात त्यामुळे कितीही वन्समोर घेतले तरी कथा अडत नाही. म्युझिकलमध्ये गाणंच कथा पुढे नेतं, म्हणून थांबायची जागा आपल्याला आधीच शोधून ठेवावी लागते. माझं मत विचाराल तर महागड्या वर्कशॉपपेक्षा रवींद्र भवनात तियात्राचं पुढच्या रांगेचं तिकीट काढा आणि ड्रमरकडे बघत बसा.

करायचं काय, तर हशाच्या प्रत्येक ओळीनंतर एक बार असा ठेवा जो बँड गोल-गोल वाजवत राहील, आणि पुढे कधी जायचं ते नट खुणेने सांगेल. बँड परवडतच नसेल तर ट्रॅकचे तुकडे करा, तो बार लूपवर टाका आणि लॅपटॉपवर नाटक पाठ असलेला माणूस बसवा. भाड्याने आणलेला ऑपरेटर नको, कितीही हुशार असला तरी नको. परदेशी म्युझिकल मराठीत आणायचं असेल तर प्रयोगाची आणि भाषांतराची परवानगी आधी लेखी घ्या, यात पळवाट शोधू नका.

पहिला प्रयोग पडला म्हणून खचू मात्र नका. 'रॉकी हॉरर शो' हे विनोदी रॉक म्युझिकलच, लंडनला जून १९७३ मध्ये रॉयल कोर्ट थिएटरच्या वरच्या मजल्यावर, ६३ खुर्च्यांच्या जागेत सुरू झाला आणि थिएटरं बदलत सप्टेंबर १९८० पर्यंत २,९६० प्रयोग चालला. तोच खेळ १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलास्को थिएटरात ४५ प्रयोगांत बंद झाला. तेव्हा एकदम मोठा हॉल धरू नका, पणजीच्या कला अकादमीच्या ब्लॅक बॉक्ससारख्या छोट्या जागेपासून सुरुवात करा, तिथे हशा किती लांबतो ते कानाला नीट कळतं.

आम्ही पुढच्या वेळी कर्ज काढून चौघांचा बँड बसवला. तीच ओळ, तोच हशा. ड्रमर आमच्या नायिकेच्या हाताकडे बघत तोच बार वाजवत राहिला, पाच वेळा फिरला, मग तिने बोट उचललं आणि पुढची ओळ शेवटच्या रांगेपर्यंत गेली.