जुन्या चित्रातला मासा ओळखायचा कसा

चोरबाजारात किंवा ऑनलाइन माशाचं जुनं चित्र दिसलं की नजर आधी रंगाकडे जाते आणि तिथेच फसगत होते. चित्रकारासमोर अनेकदा स्पिरिटमध्ये ठेवलेला, रंग उडालेला मासा असायचा. ब्रिटिश मत्स्यतज्ज्ञ फ्रान्सिस डेच्या ‘द फिशेस ऑफ इंडिया’मधल्या (१८७५–७८) शिळाछाप (दगडावर काढून छापलेल्या) प्लेट तर सहसा बिनरंगीच असतात, रंगीत दिसली, तर रंग मागाहून भरलेला असण्याचीच शक्यता जास्त. म्हणून रंग बाजूला ठेवा. पर (माशाचे पंख), खवले आणि पार्श्वरेषा (अंगाच्या बाजूने शेपटीकडे जाणारी रेघ) बघा.

आधी धड प्रत मिळवा. बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या संकेतस्थळावर डेचा ग्रंथ फुकट वाचता येतो. पान पूर्ण रिझोल्यूशनमध्ये उतरवून घ्या, कारण लहान फाइलमध्ये पराचे किरण (पराला आधार देणाऱ्या काड्या) एकमेकांत मिसळतात. प्लेट आणि आकृतीचा क्रमांक धरून मजकूर गाठा. वर्णनाच्या सुरुवातीलाच माशाचं सूत्र दिलेलं असतं: डी म्हणजे पाठीवरचा पर, पी छातीचा, व्ही पोटाचा, ए गुदपर, सी शेपटी. तिरप्या रेघेआधी टणक काटे, नंतर मऊ किरण. मग चित्रातले किरण भिंगाखाली स्वतः मोजा. मऊ किरणांत एक-दोनाचा फरक पडतोच. पर अर्धवट मिटलेला असला की मागचे किरण झाकले जातात. काट्यांचा मेळच बसत नसेल, तर बहुधा तुम्ही चुकीच्या माशाचं वर्णन वाचताय.

मापं जुळवताना एक काळजी घ्या. डोकं आणि अंगाची उंची लांबीत किती वेळा बसते हे डे सांगतो, पण त्याची लांबी शेपटीच्या टोकापर्यंतची असते. आज पुष्कळदा शेपटीच्या बुडापर्यंतच मोजतात. ही दोन मापं मिसळली की सरळ ओळखू येणारा मासाही परका वाटायला लागतो.

आपल्या ताटातल्या माशांवर हात बसवणं सगळ्यात सोपं. जुन्या ग्रंथांत हलवा ‘स्ट्रोमॅटियस नायजर’ या नावाने पापलेटाच्या पंगतीत बसलेला दिसेल. आकार सारखा, आणि मोठ्या हलव्याला पापलेटासारखेच पोटाचे पर नसतात, त्यामुळे गोंधळ होतो. शेपटीच्या देठावर बघा: हलव्याला तिथे टणक खवल्यांची उभारलेली कड असते, पापलेटाला नसते. बाजारात बोट फिरवलंत तर ती खरखर लगेच हाताला लागते. हलव्याला आता पापलेटापेक्षा वेगळ्या, कॅरँजिडी कुळात टाकलंय, ते योग्यच आहे.

रावस आणि दाढा छातीच्या पराखालच्या सुट्या धाग्यांवरून ओळखा: रावसाला सहसा चार, दाढ्याला पाच. सुरमईच्या नावाखाली दोन जाती विकल्या जातात. एकीवर नागमोडी उभे पट्टे, दुसरीवर ठिपके. पण जतन केलेल्या माशावर दोन्ही पुसट होतात. तिथे पार्श्वरेषा कामाला येते. पट्टेवालीची रेषा दुसऱ्या पाठपराच्या शेवटाखाली एकदम खाली उतरते, ठिपकेवालीची सावकाश वळत जाते. चांगल्या शिळाछापात हे वळण स्पष्ट दिसतं.

पडताळणीसाठी सकाळी लवकर सॅसून डॉक किंवा भाऊचा धक्का गाठा. कोळिणीला आधीच सांगा, “मावशी, साफ नका करू, अख्खाच द्या.” पर छाटले की मोजणी संपली. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, त्या काळात बर्फातला जुना माल जास्त येतो. हे काम ऑगस्टनंतरच करावं.

लेप्यासारख्या चपट्या माशाच्या चित्राबाबत विशेष सावध राहा. दगडावर काढलेलं चित्र छापताना उलटं होतं. चित्रकाराने ते आधीच उलटं काढलं नसेल, तर डावीकडचे डोळे उजवीकडे गेलेले दिसतात. डोळ्यांची बाजू मजकुराशी ताडून पाहा.

शेवटी जुनं नाव एश्मायरच्या ‘कॅटलॉग ऑफ फिशेस’मध्ये (माशांच्या शास्त्रीय नावांची ऑनलाइन सूची) टाकून आजचं नाव काढा. बोंबील १८२२ मध्ये निसर्ग-अभ्यासक हॅमिल्टनने ‘ऑस्मेरस नेहेरियस’ म्हणून नोंदवला; आज तो ‘हार्पाडॉन नेहेरियस’ आहे. चित्राच्या मागे पेन्सिलीने, शाईने कधीच नाही, ग्रंथ, साल, प्लेट, आकृती, जुनं नाव, नवं नाव आणि मराठी नाव लिहून ठेवा.