‘टाळणे’ वापरायचं तर आधी ‘चुकवणे’ सांभाळा

बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी बदलीवर आलेल्या अमराठी अधिकाऱ्यांना काउंटरपुरतं मराठी शिकवते. हिंदी येणाऱ्याला मराठी पटकन जमतं हे खरं, पण पटकन फसतोही तोच. सगळ्यात जास्त फसतो तो ‘टाळणे’ आणि त्याच्या भावकीत. आपली मंडळीही हल्ली ‘तो मला अव्हॉइड करतोय’ म्हणून मोकळी होतात, तेव्हा हे त्यांच्याही कामाचं आहे.

आधी ‘टाळणे’ आणि ‘टळणे’ वेगळे करा. वाक्याला ‘कोणी?’ असं विचारायचं. उत्तर मिळालं तर ‘टाळणे’, नाही मिळालं तर ‘टळणे’. ड्रायव्हरने वेळीच ब्रेक मारून अपघात टाळला. पण दरड कोसळली तेव्हा रस्त्यावर गाडीच नव्हती, म्हणून अपघात टळला. बलिप्रतिपदेला ओवाळताना आपण ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणतो, ते याच हिशोबाने. पीडेने आपल्या पायाने निघून जावं, एवढंच मागणं. चिकट पाहुणा उठून गेल्यावर दार लावता लावता ‘टळला एकदाचा’ म्हणतो, तेही हेच. (पाहुणा जिना उतरेपर्यंत मात्र थांबावं.)

आता खरा खड्डा. हिंदीत ‘किश्त चुकाइए’ म्हणजे हप्ता भरा. मराठीत ‘हप्ता चुकवू नका’ म्हणजे हप्ता भरायचा राहू देऊ नका. अर्थ थेट उलटा! उत्तरेकडून आलेल्या आमच्या एका तरुण अधिकाऱ्याने कर्जदार शेतकऱ्याला अगदी नम्रपणे सांगितलं, ‘काका, कर्ज लवकर चुकवा.’ काकांनी टोपी सारखी केली आणि बाकावर बसलेल्यांकडे वळून म्हणाले, ‘ऐकलं ना? आता खुद्द सायबच सांगतायत.’ त्याने म्हणायला हवं होतं, ‘कर्ज फेडा’ किंवा ‘थकबाकी चुकती करा’. हो, ‘चुकती करणे’ म्हणजे भरणे आणि ‘चुकवणे’ म्हणजे न भरणे. शिकणाऱ्याने इथे कपाळावर हात मारला तर मी त्याला दोष देत नाही. करचुकवेगिरी हा शब्द पाठ करायला लावते, म्हणजे ‘चुकवणे’ कुठल्या बाजूचं ते डोक्यात बसतं.

मग ‘टाळणे’ आणि ‘चुकवणे’ यांत फरक काय? जे देणं लागतो, जिथे हजर राहायला हवं, जे अंगावर येतंय, ते चुकवतात: कर, शाळा, फटका, पहारेकऱ्याची नजर. जे करायचं की नाही हे थोडंफार आपल्या हातात असतं, ते टाळतात: भेट, विषय, वाद, प्रवास. सीमा अगदी काटेकोर नाही; नजर टाळताही येते. पण ‘त्याने कर टाळला’ म्हटलं तर कानाला खटकतं.

दुसरा हिंदी सापळा ‘टालना’चा. ‘मीटिंग टाल दी’ म्हणजे बहुतेक वेळा पुढे ढकलली. मराठीत ‘साहेबांनी मीटिंग टाळली’ म्हटलंत तर साहेबांनी पळ काढला, असाच अर्थ निघेल. तारीख बदलली असेल तर सरळ ‘पुढे ढकलली’ म्हणा.

व्याकरण थोडक्यात. भूतकाळात क्रियापद टाळलेल्या गोष्टीप्रमाणे बदलतं: तिने फोन टाळला, भेट टाळली, बोलणं टाळलं. माणसाला ‘ला’ लागला की कोणीही असो, ‘टाळलं’च: त्याने मला टाळलं, बहिणीला टाळलं. ‘साखरेपासून टाळा’ चूक. ‘साखर टाळा’ किंवा ‘साखरेपासून लांब राहा’. क्रियेला जोडताना ‘बोलायला टाळतो’ नाही, ‘बोलायचं टाळतो’.

‘टाळा’ हा हुकूम जरा मऊ असतो, म्हणून पाट्यांवर आणि दवाखान्यात तो शोभतो. ‘गर्दी टाळा’, ‘शक्यतो रात्रीचा प्रवास टाळा’. ‘शक्यतो’ आणि ‘टाळा’ यांचं छान जमतं. पण त्या मऊपणाचा फायदा घेणारेही असतात. आमच्या यांना डॉक्टरांनी ‘गोड टाळा’ सांगितलं. बारशाला गेलो तर यांच्या हातात पेढा. मी बघितल्यावर म्हणतात, ‘टाळा म्हणालेत, बंद करा नाही म्हणाले.’ भाषेच्या दृष्टीने मुद्दा बिनतोड होता. पेढा मी काढून घेतला. ठणकावून सांगायचं असेल तिथे ‘बंद करा’. आणि यादीतून, पाककृतीतून काही काढायचं असेल तर ‘वगळा’. ‘उपासाच्या खिचडीत हळद टाळा’ असं कोणी म्हणत नाही.

राहिली ‘टाळाटाळ’. एकदा टाळलं की ती टाळाटाळ होत नाही. समोरचा मागत राहतो, आपण कारणं देत राहतो, ती टाळाटाळ. समोर मागणारा असो वा नसो, काम नुसतं उद्यावर टाकत राहिलं, तर ती चालढकल. प्रश्न विचारल्यावर भलतंच काही बोलणं म्हणजे प्रश्नाला बगल देणं, आणि ‘त्या टेबलावर विचारा’ ही टोलवाटोलवी. काउंटरवर बसणाऱ्याला हे चारही शब्द ग्राहकाच्या तोंडून ऐकायला मिळतात, म्हणून मी ते पहिल्याच आठवड्यात शिकवते. इथे मात्र ‘ला’ चालतो बरं का: ‘पासबुक भरून द्यायला टाळाटाळ करतात.’