मुलांसाठी उन्हाळी फुटबॉल उपक्रम कसा चालवावा

सुट्टीत मुलांसाठी फुटबॉल सुरू करायचा असं चार-पाच पालकांनी मनावर घेतलं, की पहिली चर्चा बहुतेक वेळा जर्सीच्या रंगावर आणि शेवटच्या दिवशीच्या चषकावर होते. या दोन्ही गोष्टी मागाहून ठरल्या तरी काही बिघडत नाही. आधी ठरवायला हवं ते वेगळंच आहे: आलेल्या प्रत्येक मुलाच्या पायात दर वेळी चेंडू किती वेळ असणार? सगळ्यात चपळ मुलाच्या पायात तो असेलच. पण ज्याने आजवर कधी चेंडूला लाथ मारलेली नाही, जे आईच्या ओढणीआडून बघत उभं आहे, त्याच्या पायात किती वेळ? संघ केवढा, मैदान केवढं, चेंडू किती आणि मोठी माणसं किती, हे सगळं याच प्रश्नातून ठरत जातं.

हा विचार नवा नाही. कॅलिफोर्नियातल्या टॉरन्स इथे १९६४ साली सुरू झालेल्या अमेरिकन यूथ सॉकर ऑर्गनायझेशनने ‘प्रत्येक जण खेळणार’ हे तत्त्व पहिल्या ओळीत ठेवलं आणि त्याचा अर्थ नियमातच बांधून टाकला: प्रत्येक खेळाडूला प्रत्येक सामन्यात किमान निम्मा वेळ मैदानावर मिळालाच पाहिजे. हौशी उपक्रमाने हा नियम जसाच्या तसा उचलावा, आणि जमलं तर त्याच्याही पुढे जावं.

१. जागा, वेळ आणि कागदपत्रं

आठवड्यातून दोन दिवस, दर वेळी एक तास, सहा ते आठ आठवडे. सुट्टीतल्या उपक्रमाला एवढं पुरतं. रोज ठेवलं तर गावाला गेलेली, पाहुण्यांकडे अडकलेली मुलं मागे पडतात आणि स्वयंसेवकही थकतात. वेळ सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर ठेवा. मैदान बघायला जाल तेव्हा ज्या वेळेला मुलं खेळणार त्याच वेळेला जा. सावली कुठे पडते, पिण्याचं पाणी आणि शौचालय किती लांब आहे, गाडी आत येऊ शकते का, हे तेव्हाच कळतं. परवानगी लेखी घ्या आणि विम्याची चौकशी करा.

हलवता येणारे गोलपोस्ट असतील तर ते जमिनीत खुंट्या ठोकून किंवा मागच्या दांडीवर वजन ठेवून पक्के करा, आणि त्यांना कुणालाही लोंबकळू देऊ नका. गोलपोस्ट अंगावर पडून मुलं दगावल्याच्या घटना घडलेल्या आहेत. लहानांसाठी मोठे गोल लागतही नाहीत. ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच गोल प्रौढांचा. सहा वर्षांच्या मुलाला दोन कोनांमधली (मैदान आखायला ठेवतात त्या प्लास्टिकच्या शंकूंमधली) दोन-तीन पावलांची फट पुरते.

नावनोंदणीच्या अर्जात जन्मतारीख, तातडीच्या वेळी लावायचे दोन फोन नंबर, दमा, अ‍ॅलर्जी, फिट येणं यांसारखी माहिती, चालू औषधं आणि मुलाला घरी कोण नेणार हे हवंच. ‘कोणत्या एका मित्रासोबत किंवा मैत्रिणीसोबत खेळायला आवडेल?’ हा प्रश्नही ठेवा. पहिल्या दिवशी ओळखीचं एक तोंड दिसलं की बुजरं मूल दुसऱ्या दिवशी येतं. मुलींच्या बाबतीत हे विशेष जाणवतं. फी ठेवली असेल तर माफीची सोय असू द्या, आणि ती कुणाला दिली हे एकाच माणसाला माहीत असावं.

२. गट आणि संघ

दोन वर्षांच्या अंतराने गट पाडा. अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाची रचना साधारण अशी आहे: ८ वर्षांखालच्यांसाठी चारास चार, तेही गोलकीपरशिवाय, ९-१० वर्षांखालच्यांसाठी सातास सात, ११-१२ वर्षांखालच्यांसाठी नवास नऊ. सुट्टीतल्या उपक्रमात यापेक्षाही लहान संघ चालतील. सोळा मुलं आली तर आठास आठचा एक सामना न लावता चारास चारचे दोन सामने शेजारी-शेजारी लावा. जागा तेवढीच लागते आणि प्रत्येकाचा चेंडूशी संबंध कितीतरी वाढतो.

चेंडूचं मापही वयानुसार बदलतं. ८ वर्षांखाली ३ नंबर, ८ ते १२ ला ४ नंबर, त्यापुढे ५ नंबर. पाच नंबरचा चेंडू ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो; लहानग्याच्या पायाला तो जड जातो आणि मग ते मूल चेंडूपासून लांब राहायला शिकतं. शिन गार्ड, म्हणजे नडगीला मार लागू नये म्हणून मोज्यात घालायच्या पट्ट्या, सगळ्यांना सक्तीचे. कानातलं, कडं, साखळी काढून ठेवायची. वरून चिकटपट्टी लावलेली चालत नाही, फुटबॉलच्या नियमांतही तिला मनाई आहे.

संघ पाडताना मात्र घाई करू नका. दोन कप्तान उभे करून आळीपाळीने खेळाडू मागून घ्यायची पद्धत कटाक्षाने टाळा. शेवटी उरलेलं मूल सगळ्यांच्या देखत एकटं उभं असतं, आणि ते त्याच्या मनातून पुढे कितीतरी दिवस जात नाही. पहिल्या दिवशी मुलांना नुसतं छोट्या गटांत खेळू द्या. दोन मोठ्यांनी बाजूला उभं राहून प्रत्येकाच्या नावापुढे १, २ किंवा ३ असा आकडा टाकावा: सरावलेला, बरा, नवखा. रात्री बसून प्रत्येक संघात तिन्ही प्रकार सारखे येतील असं वाटप करा. कोणता संघ कोणत्या कोचकडे हे त्यानंतर चिठ्ठी टाकून ठरवा. आपल्याला कोणता संघ मिळणार हे माहीत नसलं की वाटप आपोआप प्रामाणिक होतं. (कोचचं स्वतःचं मूल असेल तर ते तेवढं त्याच्या संघात जाऊ द्या.)

३. मोठी माणसं

आठ-दहा मुलांमागे एक कोच आणि एक मदतनीस. कोचला फुटबॉल उत्तम यायलाच हवा असं नाही. मुलांची नावं दुसऱ्या दिवशी तोंडपाठ असणं त्याहून कामाला येतं. प्रत्येक स्वयंसेवकाची पार्श्वभूमी तपासा, ओळखीचा असला तरी. कुणीही मोठा माणूस एकाही मुलासोबत एकटा राहणार नाही, हा नियम पहिल्याच बैठकीत सांगा आणि स्वतःही पाळा. प्रथमोपचार शिकलेली एक व्यक्ती दर वेळी मैदानावर हवी. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींना मदतीला घ्या. लहान मुलं त्यांचं ऐकतात ते आपलं ऐकत नाहीत.

४. एक तास कसा घालवायचा

उपक्रम टिकतो किंवा बुडतो तो इथे.

मुलं एकेक करून येतात. सगळी जमेपर्यंत रांगेत उभी करू नका. पहिली दोन आली की चार कोन मांडून एकास एक खेळ सुरू. तिसरं, चौथं आलं की त्यातच मिसळेल. म्हणजे उशिरा येणाऱ्यालाही वाटतं, अरे, आपलं काहीतरी चुकलं!

मग पंधरा मिनिटं प्रत्येकाला स्वतंत्र चेंडू. साधारण वीस पावलांचा चौकोन आखा आणि त्यात सगळ्यांना चेंडू पायाने घोळवत फिरू द्या. टाळी वाजली की तळव्याने चेंडू थांबवायचा, दुसऱ्या टाळीला दिशा बदलायची. थोड्या वेळाने खेळ चढवा: आपला चेंडू सांभाळत दुसऱ्याचा चौकोनाबाहेर उडवायचा. मुलांना हा खेळ प्रचंड आवडतो, पण त्यात एक खोच आहे. ज्याचा चेंडू बाहेर गेला तो ‘आऊट’ असं ठेवलं, तर सगळ्यात कच्चं मूल पहिल्या अर्ध्या मिनिटात बाहेर बसतं. ज्याला सरावाची गरज सर्वांत जास्त, त्यालाच सराव सर्वांत कमी. म्हणून आऊट कुणीच नाही. चेंडू बाहेर गेला तर धावत आणायचा, त्यावर दहा वेळा पाय टेकवायचे आणि परत आत यायचं. एवढाच बदल केला की लिंबूटिंबू म्हणून आलेलं मूलसुद्धा पंधरा मिनिटं पूर्ण खेळतं.

रांगेतल्या कसरतींचं गणितही करून बघा. दहा मुलं एका रांगेत, एकामागून एक गोलवर किक मारतात, प्रत्येकाला दहा सेकंद. म्हणजे शंभर सेकंदांतून एकदा पाळी, दहा मिनिटांत सहा किक. उरलेला वेळ पुढच्याला ढकलण्यात जातो, आणि मग आपण म्हणतो मुलं फार मस्ती करतात. रांग तीनपेक्षा लांब झाली की ती मोडा आणि दुसरा गोल मांडा.

उरलेला अर्धा तास सामना. मध्ये शिट्टी मारून भाषण नको. काही सांगायचंच असेल तर पाणी पिताना, गुडघ्यावर बसून, एकच गोष्ट, अर्ध्या मिनिटात. तेव्हा सूर्य आपल्या तोंडावर घ्या, मुलांच्या पाठीशी ठेवा. डोळे किलकिले करून बघणाऱ्याला ऐकू कमी येतं.

सहा-सात वर्षांची मुलं सगळीच्या सगळी चेंडूभोवती गोळा होतात. ‘जागा सोडू नका, पसरा’ असं ओरडून उपयोग नाही. त्या वयात चेंडूखेरीज दुसरं काही दिसतच नाही. त्याऐवजी प्रत्येक बाजूला एक गोल न ठेवता दोन ठेवा, कोपऱ्यांत. एका गोलसमोर गर्दी झाली की कुणीतरी आपणहून दुसरीकडे वळतं, आणि मोकळी जागा शोधणं न शिकवता येतं.

५. सामने

नियम थोडे ठेवा. लहानांना ऑफसाइड (विरोधी बचावफळीच्या पुढे थांबून पास घ्यायला मनाई करणारा नियम) नको. चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला की थ्रो-इनऐवजी, म्हणजे हाताने आत फेकण्याऐवजी, रेषेवरून पायाने चेंडू आत द्यायचा. डोक्याने चेंडू मारायचा नाही. अमेरिकेच्या महासंघाने १० वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडर मारायला मनाई केली आहे, आणि इंग्लंडमध्येही २०२० पासून प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांच्या सरावातून हेडर वगळण्याची सूचना आहे. गोलकीपर असेल तर दर अर्ध्या सामन्याला बदला.

बदलीचा तक्ता सामन्याआधी कागदावर करा. ऐन खेळात ठरवायला गेलात तर नकळत चांगला खेळणारा आत राहतो. संघात ६ मुलं आणि मैदानावर ४ जागा असतील तर सामन्याचे ५ मिनिटांचे ६ तुकडे करा. प्रत्येकाला बरोबर ४ तुकडे, म्हणजे ३० पैकी २० मिनिटं मिळतात. एक संघ चार गोलांनी पुढे गेला तर मागे पडलेल्या संघाला एक खेळाडू जास्त द्या. मुलांना यात काही वावगं वाटत नाही. गल्लीत खेळताना ती स्वतःही संघ असेच जुळवून घेतात.

गुणतक्ता लावायचा का? माझं स्पष्ट मत, लहानांसाठी नाही. नॉर्वेने १९८७ मध्ये मुलांच्या क्रीडा हक्कांची नियमावली स्वीकारली. तिच्यानुसार ११ वर्षांखालच्या मुलांचे गुणतक्ते आणि क्रमवारी लावत नाहीत. मुलं गोल मोजतात, ती मोजणारच. आपण ते भिंतीवर टांगायचं नाही, एवढंच.

६. ऊन, वीज आणि डोक्याला मार

उन्हाची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून पहिल्या आठवड्यात धावपळ कमी, विश्रांती जास्त. दर १५-२० मिनिटांनी पाणी, तहान लागली असो वा नसो. खेळात रमलेल्या मुलाला तहान कळतच नाही. कृत्रिम गवत उन्हात हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं, तेव्हा अशा मैदानावर तळहात टेकवून बघा.

डोकं दुखणं, मळमळ, पोटऱ्यांत गोळे, चक्कर ही लक्षणं दिसली की सावलीत न्या, पाणी द्या, ओल्या कापडाने अंग पुसा, आणि त्या दिवशीचा खेळ बंद. मूल असंबद्ध बोलू लागलं, ओळख पटेनाशी झाली किंवा कोसळलं तर तो उष्माघात समजा. रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत वाट न बघता अंगावर गार पाणी ओतत राहा, भिजवलेले टॉवेल बदलत राहा. शुद्ध हरपलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नका.

मेघगर्जना ऐकू आली की मैदान रिकामं करा. झाडाखाली नाही, इमारतीत किंवा बंद गाडीत. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं पूर्ण होईपर्यंत परत उतरायचं नाही, पालकांनी कितीही आग्रह केला तरी.

डोक्याला मार लागला आणि मूल गोंधळल्यासारखं, पेंगुळल्यासारखं किंवा तोल जात असल्यासारखं वाटलं, तर नुसती शंका पुरे. त्या दिवशी ते परत खेळणार नाही, पालकांना तिथल्या तिथे सांगायचं आणि डॉक्टरकडे पाठवायचं. ‘मी ठीक आहे काका’ यावर विश्वास ठेवू नका. खेळायची इच्छा असलेलं मूल तेच म्हणणार.

७. रेषेबाहेरचे पालक

पालकांची बैठक पहिल्या सरावाआधी घ्या, तक्रारी सुरू झाल्यावर नाही. टाळ्या वाजवा, नाव घेऊन कौतुक करा. पण ‘पास दे’, ‘मार’, ‘मागे ये’ हे सांगायचं नाही. चेंडू पायात असताना तीन दिशांनी तीन सूचना आल्या की मूल थिजतं. रेफरी बहुधा एखादा सोळा वर्षांचा स्वयंसेवक असतो. त्याच्या निर्णयावर मोठ्यांनी आवाज चढवला तर तो पुढच्या वेळी येत नाही. खेळून झाल्यावर काय विचारायचं हेही सांगा. ‘किती गोल मारलेस?’ऐवजी ‘आज मजा कशात आली?’ विचारलं की मुलं भरभरून बोलतात.

८. शेवटचा आठवडा

पदकं द्यायची असतील तर सगळ्यांना द्या, किंवा प्रत्येकाला त्याच्या नावाची एक ओळ लिहून द्या. ‘तू डाव्या पायाने मारायला शिकलीस’ असं काहीतरी खरं, पाहिलेलं. शेवटच्या दिवशी पालक विरुद्ध मुलं असा सामना लावा. मोठ्यांनी चालतच खेळायचं, धावायचं नाही.

मधेच यायची बंद झालेली मुलं कोण, याची यादी काढा आणि त्यांच्या घरी फोन करा. विचारताना तक्रारीचा सूर नको: वेळ गैरसोयीची होती, कुणी चिडवलं, की खेळायलाच मिळालं नाही? जे ऐकाल ते लिहून ठेवा, चेंडू आणि कोन मोजून पिशवीत भरा, आणि पुढच्या वर्षी जो कुणी हे काम हाती घेईल त्याला ती वही पिशवीसोबतच द्या.