कसोटीतल्या धावांच्या विक्रमांची वही घरी कशी करायची

पावसात आमच्याकडे मळे लावणीला जातात म्हणजे ग्राउंडच भाताखाली जातं, कापणी होऊन मळे सुकेपर्यंत बॅट माळ्यावर, मग पोरं पडवीत बसतात आणि मोबाईलला रेंज येईल तसतसे स्कोअर बघत भांडतात, सचिन मोठा की ब्रॅडमन, लाराचे चारशे भारी की सेहवागचे ३१९. माझे काका देवगडचे, जन्मभर ट्रान्झिस्टर कानाला लावून कॉमेंट्री ऐकलेला माणूस. ते या भांडणात एकच वाक्य टाकायचे, "धावा किती ता माका नको सांगू, किती डावात ता सांग." माझी वही त्या एका वाक्यातून सुरू झाली आणि ती कशी करायची ते इथे सांगतोय, कारण विक्रम नुसता वाचला की विसरतो, हाताने लिहून भागाकार केला की तो डोक्यात बसतो.

वही गणिताची चौकटीची घ्या, दोनशे पानी. आकडे चौकटीत नीट एकाखाली एक येतात. शाईपेन नको, आपल्याकडच्या दमट हवेत कागद ओलसर होतो आणि शाई पसरते, माझं पहिलं पान तसंच गेलं. बॉलपेन चालेल. जे खेळाडू अजून खेळताहेत त्यांच्यासाठी पेन्सिल आणि खोडरबर, ते का ते पुढे सांगतो.

पहिलं पान करिअरचं. रकाने आखा: नाव, कसोट्या, डाव, नाबाद, धावा, सरासरी, शतकं. आता सचिनची ओळ भरा. २०० कसोट्या, ३२९ डाव, ३३ वेळा नाबाद, १५,९२१ धावा, ५१ शतकं. सरासरीचा रकाना मुद्दाम रिकामा ठेवा, तो कुठून उतरवायचा नाही, स्वतः काढायचा. डावांतून नाबाद वजा करा, म्हणजे किती वेळा आऊट झाला ते मिळतं, ३२९ वजा ३३ म्हणजे २९६, आणि धावांना त्याने भागा. ५३.७८ येतं. कॅल्क्युलेटरवर पुढे अजून सात दिसेल पण रेकॉर्डच्या याद्यांमध्ये दोन आकड्यांपुढचं सरळ कापलेलं असतं, वर ढकलत नाहीत, त्यामुळे तुमचं ५३.७९ आलं तर घाबरू नका, गणित बरोबर आहे.

त्याखाली ब्रॅडमन. ५२ कसोट्या, ८० डाव, १० नाबाद, ६,९९६ धावा, २९ शतकं. सत्तर वेळा आऊट, म्हणून ९९.९४. १९४८ मध्ये ओव्हलवर शेवटच्या डावात एरिक हॉलिजने शून्यावर बोल्ड काढला ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण सरासरी शंभर व्हायला चारच धावा का हव्या होत्या ते वहीत स्वतः मांडल्याशिवाय कळत नाही. सत्तर गुणिले शंभर सात हजार, हातात ६,९९६. बस. माझ्या भाच्याने हे गणित पहिल्यांदा स्वतः केलं तेव्हा तो बराच वेळ वहीकडे बघत बसला होता आणि मग म्हणाला, "मामा, एक चौका." तो एक चौका त्याला आता कधी विसरायला होणार नाही.

मग गावसकर: १२५ कसोट्या, २१४ डाव, १६ नाबाद, १०,१२२ धावा, ३४ शतकं. दहा हजाराला हात लावणारा जगातला पहिला माणूस, मार्च १९८७, अहमदाबाद, समोर पाकिस्तान. द्रविड: १६४ कसोट्या, २८६ डाव, ३२ नाबाद, १३,२८८ धावा, ३६ शतकं. द्रविडच्या ओळीशेजारी अजून एक आकडा नक्की लिहा, ३१,२५८, इतके चेंडू तो कसोटीत खेळला, एवढे दुसरं कोणीच खेळलेलं नाही. आणि १६४ कसोट्यांमधल्या १६३ भारताच्या, एक २००५ मधली सिडनीची, जगातल्या निवडक खेळाडूंच्या संघाकडून ऑस्ट्रेलियाविरुद्धची. कुठे १६३ दिसलं कुठे १६४ दिसलं तर हे कारण, आकडा चुकलेला नाही.

आता नाबादची भानगड, इथे खरी मजा आहे म्हणून इथे वेळ घालवा. नवीन पानावर एका मालिकेतल्या धावा, डावागणिक. १९३० च्या इंग्लंड दौऱ्यात ब्रॅडमनचे डाव: ८, १३१, २५४, १, ३३४, १४, २३२. बेरीज करा, ९७४ येते. एका कसोटी मालिकेत आजवर कोणीही एवढ्या धावा केलेल्या नाहीत. त्याच्याखाली १९७१, वेस्ट इंडीज, गावसकरची पहिलीच मालिका: ६५, ६७ नाबाद, ११६, ६४ नाबाद, १, ११७ नाबाद, १२४, २२०. बेरीज ७७४, आणि तीही चारच कसोट्यांत, पहिली कसोटी बोटाच्या दुखण्यामुळे हुकलेली. शेवटचे दोन डाव, १२४ आणि २२०, एकाच सामन्यातले, पोर्ट ऑफ स्पेनचे.

आता सरासरी काढा. ब्रॅडमन सातही डावांत आऊट, ९७४ भागिले ७, १३९.१४. गावसकर आठ डाव पण आऊट पाचदाच, ७७४ भागिले ५, १५४.८०. म्हणजे गावसकरची सरासरी ब्रॅडमनच्या विक्रमी मालिकेपेक्षा जास्त! इथे पोरं उड्या मारतात, मारू द्या, मग सांगा की शेजारी अजून एक रकाना आखा, धावा भागिले एकूण डाव. ब्रॅडमनचे तेच १३९.१४ राहतात, गावसकरचे ९६.७५ होतात. यातला खोटा कुठलाच नाही. सरासरी सांगते की आऊट व्हायच्या आधी किती केले, आणि दुसरा आकडा सांगतो की बॅट घेऊन गेला तेव्हा हातात किती पडले. माझ्या मते दोन्ही रकाने हवेतच, एकावर विसंबून कोण मोठा ठरवू नये. करिअरच्या पानावर पण हा रकाना जोडा, ब्रॅडमन ८७.४५, सचिन ४८.३९, गावसकर ४७.३०, आणि मग लक्षात येतं की नाबाद काढले ठेवले काहीही केलं तरी ब्रॅडमन सगळ्यांच्या पुढे निघून गेलेलाच असतो.

याच पानावर २०२५ ची शुभमन गिलची इंग्लंडची मालिका पण लिहा, १४७, ८, २६९, १६१, १६, ६, १२, १०३, २१, ११. बेरीज ७५४. गावसकरला गाठायला वीस कमी पडल्या, आणि नाबाद एकदाही नाही म्हणून दोन्ही रकान्यांत ७५.४० च. यातली २६९ आणि १६१ एकाच सामन्यातली, एजबॅस्टन, मिळून ४३०. एका कसोटीत याच्यावर एकच जण आहे, ग्रॅहम गूच, १९९० ला लॉर्ड्सवर आपल्याविरुद्ध, ३३३ आणि १२३, मिळून ४५६.

सरासरीच्या यादीत कमीत कमी वीस डाव ही अट का असते ते एका ओळीत कळतं. वेस्ट इंडीजचा अँडी गँटोम, १९४८, इंग्लंडविरुद्ध, एकच कसोटी, एकच डाव, ११२ धावा. सरासरी ११२.००, ब्रॅडमनच्या वर. त्याला परत खेळवलंच नाही. अट आहे म्हणून तो यादीत नाही, पण माझ्या वहीत त्याला स्वतंत्र जागा आहे, तुम्ही पण द्या. आणि अट पार करून गेलेला आपला विनोद कांबळी, १७ कसोट्या, २१ डाव, १ नाबाद, १,०८४ धावा, सरासरी ५४.२०, म्हणजे सचिनपेक्षा वर. १९९३ मध्ये लागोपाठच्या कसोट्यांत २२४ आणि २२७. डावांचा रकाना नसता तर ही ओळ वाचून कोणाचीही फसगत होईल, काकांचं वाक्य इथे बरोबर लागू पडतं.

पुढचं पान पायऱ्यांचं, एका डावातल्या सर्वाधिक धावांचा विक्रम कसा वर चढत गेला त्याचं. फुटपट्टीने जिन्यासारखं चित्र काढा, विहिरीत उतरायच्या पायऱ्या असतात तशा पण वर चढणाऱ्या. खालची पायरी सँडहॅम ३२५, किंग्स्टन, १९३०. मग ब्रॅडमन ३३४, लीड्स, त्याच वर्षी. हॅमंड ३३६ नाबाद, ऑकलंड, १९३३. हटन ३६४, ओव्हल, १९३८. सोबर्स ३६५ नाबाद, किंग्स्टन, १९५८, आणि हे त्याचं कसोटीतलं पहिलं शतक, पहिलंच! मग लारा ३७५, अँटिग्वा, १९९४. हेडन ३८०, पर्थ, ऑक्टोबर २००३, समोर झिम्बाब्वे. आणि परत लारा, त्याच अँटिग्वाच्या ग्राउंडवर, इंग्लंडविरुद्ध, एप्रिल २००४, ४०० नाबाद, ५८२ चेंडू. पायरीची लांबी वर्षांप्रमाणे काढा, एका वर्षाला एक चौकट. सोबर्सची पायरी छत्तीस चौकटी लांब येते, हेडनची जेमतेम अर्धी. चित्र बघितलं की कुठला विक्रम किती टिकला ते वाचायची गरजच उरत नाही.

जिन्याच्या कडेला मी दोन नावं लिहून ठेवलीत, जे चढू शकले असते आणि थांबले. मार्क टेलर, पेशावर, १९९८, ३३४ वर नाबाद असताना त्याने डाव घोषित केला, बरोबर ब्रॅडमनच्या आकड्यावर. आणि जुलै २०२५ मध्ये बुलावायोला दक्षिण आफ्रिकेचा विआन मुल्डर, ३३४ चेंडूंत ३६७ नाबाद, लंचला डाव घोषित, लाराचं नाव तिथेच राहिलेलं बरं असं त्याने नंतर सांगितलं. मला हे दोघे फार आवडतात, विक्रमाच्या वहीत त्यांना जागा नसेल तर ती वही अर्धीच.

वर्षभरातल्या धावांचं पान लहान पुरतं. मोहम्मद युसुफ २००६ मध्ये १,७८८, १९ डाव. रिचर्ड्स १९७६ मध्ये १,७१०, ते पण १९ डाव. जो रूट २०२१ मध्ये १,७०८, पण २९ डाव. पुढे मी काही बोलत नाही, डाव लिहिलेत.

आता जो रकाना कुठल्याच यादीत तयार मिळत नाही तो, वजनाचा. त्या डावात संघाचे किती झाले, सामन्याचं काय झालं. अगदी पहिली कसोटी घ्या, मेलबर्न, मार्च १८७७, चार्ल्स बॅनरमन १६५ वर जखमी होऊन परत गेला आणि ऑस्ट्रेलियाचे सगळे मिळून २४५. टक्केवारी काढा, सदुसष्टच्या वर येते, आणि पूर्ण झालेल्या डावात एकट्याने एवढा वाटा उचलायचा तो विक्रम अजून तसाच आहे, पहिल्याच कसोटीतला! पण टक्केवारी पण सगळं सांगत नाही. लक्ष्मणचे २८१, कोलकाता, २००१, संघाचे ७ बाद ६५७, म्हणजे त्रेचाळीस टक्के पण नाहीत. पण शेजारी लिहा, फॉलोऑन (पहिल्या डावात फार मागे पडल्यामुळे लगेच परत बॅटिंग), २७४ धावांनी मागे, आणि निकाल, भारत १७१ धावांनी विजयी. हनीफ मोहम्मदचे ३३७ लिहा, ब्रिजटाऊन, १९५८, फॉलोऑननंतर ९७० मिनिटं उभा, म्हणजे सोळा तास दहा मिनिटं, सामना वाचवला. त्याखाली सेहवागचे ३१९, चेन्नई, २००८, ३०४ चेंडू. पहिला डाव मिनिटांत मोजायचा, दुसरा चेंडूंत. जे मोजलेलं मिळेल ते लिहा, मिळालं नाही तर चौकट रिकामी ठेवा, अंदाजाने भरू नका.

पेन्सिलचं राहिलं. जो रूट जुलै २०२५ ला मँचेस्टरमध्ये पाँटिंगच्या १३,३७८ च्या पुढे गेला आणि सचिननंतर दुसरा झाला, त्या मालिकेच्या शेवटी १५८ कसोट्यांत १३,५४३. ही ओळ पेन्सिलने, आणि शेजारी तारीख, ऑगस्ट २०२५. तारीख नसलेला चालू खेळाडूचा आकडा म्हणजे भरती कधीची ते न बघता होडी लोटण्यासारखं. प्रत्येक मालिकेनंतर खोडा, परत लिहा.

शेवटचं पान आपल्या माणसांचं ठेवा. आमच्या वहीत तिथे दिलीप वेंगसरकर आहे, जन्म राजापूरचा. लॉर्ड्सवर १९७९ ला १०३, १९८२ ला १५७, १९८६ ला १२६ नाबाद, लागोपाठ तीन कसोट्यांत तीन शतकं आणि तीही पाहुण्या संघाकडून. ११६ कसोट्या, १८५ डाव, २२ नाबाद, ६,८६८ धावा. सरासरीचा रकाना मी भाच्यासाठी रिकामा ठेवला होता, लाईट गेलेली, मेणबत्तीवर त्याने १६३ ने लांब भागाकार केला, ४२.१३, आणि मला वही दाखवायच्या आधी आतल्या खोलीत काकांना ओरडून सांगितलं, "आजोबा, एकशेपंच्याऐंशी डावात!"