आईची पडायची भीती आणि व्हिडिओ कॉलवरचे उपचार

मागच्या पावसाळ्यात आई मोरीत घसरली. हाड मोडलं नाही, पण गोकुळपेठच्या बाजारात जाणं सुटलं. 'पडली तं?' एवढंच म्हणायची. बसून बसून पाय अजूनच लटपटायला लागले.

आधी डॉक्टरला दाखवा. चक्कर, बीपीच्या आणि झोपेच्या गोळ्या, चष्म्याचा नंबर तपासून घ्या. मोरीत दांडीही बसवा. मगच व्हिडिओ कॉलवर सीबीटी (भीतीचे विचार आणि वागणं हळूहळू बदलायला शिकवणारा उपचार) करणारे मानसशास्त्रज्ञ शोधा.

कॉल सकाळचा घ्या. नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारी कूलरच्या घरघरीत आईला कप्पाळ ऐकू येतं! मोबाइल हातात देऊ नका. आमचा पोह्यांच्या डब्याला टेकलेला असतो.

सुरुवातीला मानसशास्त्रज्ञ मॅडमनी फॉल्स एफिकसी स्केल-इंटरनॅशनलचे, म्हणजे पडायची भीती मोजणाऱ्या प्रश्नावलीचे, १६ प्रश्न विचारले. आंघोळ, जिना, उतार. प्रत्येकाला १ ते ४ गुण, जास्त गुण म्हणजे जास्त भीती. मग मॅडमनी विचारलं, "पडलात तर नेमकं काय होईल?" आई म्हणाली, "उठताच नाही येणार." खरी भीती ती होती! फिजिओथेरपिस्टनं घरी येऊन जमिनीवरून खुर्चीच्या आधारानं उठायला शिकवलं.

त्यानंतर सोप्याकडून अवघडाकडे: ओटा, तुळस, गेट, कोपऱ्यावरचं दुकान. निघताना भीती दहापैकी किती ते लिहायचं, परतल्यावर पुन्हा. तुळशीपर्यंत जाताना ८, आल्यावर ३. हे रोज करायचं, फक्त कॉलच्या दिवशी नाही.

माझी चूक म्हणजे मी दंड घट्ट धरून चालायचो. आता नुसता शेजारी चालतो. परवा तिनं स्वतः सांभार (कोथिंबीर) निवडून घेतला, भाव करून.