कागद स्कॅन केले, पण सापडत नाहीत? या चुका टाळा

चतुर्थीला आमच्या फोंड्याच्या घरी सगळे भाऊबंद जमतात. मागच्या खेपेला आरती आटोपल्यावर थोरल्या काकांनी सहज म्हटलं, "अरे, कुळागराचा एक-चौदा काढ बघू." कुळागर म्हणजे आमची पोफळी-माडांची बाग, आणि एक-चौदा म्हणजे गोव्यातला जमिनीचा सरकारी उतारा. घरातले सगळे कागद मीच स्कॅन केले होते, त्यामुळे लॅपटॉप उघडला तो जरा ऐटीतच. शोधायच्या चौकटीत 'कुळागर' लिहिलं. काही नाही. सर्व्हे नंबर लिहिला, तिरकी रेघ मारून पोटविभागही. काही नाही. तोवर काका आत जाऊन ट्रंकेतून कागद घेऊन आलेसुद्धा.

त्या दिवशी माझ्या कुठल्या चुका निघाल्या ते सांगतो.

स्कॅन म्हणजे मजकूर, हा समज

स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे कागदाचा फोटो. संगणकाला त्यात एकही अक्षर दिसत नाही. तपासणं सोपं आहे: फाईल उघडा आणि माऊसने एखादी ओळ निवडून पाहा. निवडता आली नाही, तर शोधातही ती येणार नाही. आधी ओसीआर करायला हवं, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करून घ्यायला हवा. टेसरॅक्ट हा फुकट मिळणारा प्रोग्राम मराठी, इंग्रजी आणि पोर्तुगीज तिन्ही वाचतो, पण भाषा आपण सांगायची असते. मी सगळ्या गठ्ठ्याला इंग्रजी लावलं होतं. त्यामुळे पंचायतीच्या मराठी पत्रांचा जो काही काला झाला, तो दहीहंडीलाच शोभला असता.

गोवा मुक्तीपूर्वीची, म्हणजे 1961च्या आधीची हस्तलिखित पोर्तुगीज खतं मात्र साध्या ओसीआरला जुमानत नाहीत. तिथे वेळ घालवू नका. कागद कशाचा, कुणाचा, कुठल्या वर्षाचा हे हाताने लिहून ठेवा.

आणखी एक. विंडोज शोधताना आधी तयार करून ठेवलेल्या सूचीत बघतं, आणि बाहेरून जोडलेली हार्ड डिस्क त्या सूचीत आपण घातल्याशिवाय सहसा नसते. माझे निम्मे कागद तिथेच होते.

आपण बोलतो तो शब्द कागदावर असतोच असं नाही

गोव्यात खरी गोम इथे आहे. एक-चौदा इंग्रजीत असतो. त्यावर कुळागर हा शब्द मला कुठे दिसला नाही; ते 'गार्डन' नावाच्या रकान्यात बसलेलं असतं. सर्व्हे नंबर आणि पोटविभाग वेगवेगळ्या घरांत छापलेले, म्हणून तिरकी रेघ मारून शोधलं की हाती शून्य. गावांचं तर विचारूच नका. आपली साखळी इंग्रजी कागदावर सांक्वेलिम होते, केपे क्वेपेम, पेडणे पेर्नेम, सासष्टी साल्सेत. आडनावं तशीच: नाईकच्या शेवटी इंग्रजीत 'के' असतो, जुन्या पोर्तुगीज कागदात 'क्यू-यू-ई'. एकच माणूस, पण शोधणाऱ्या यंत्राच्या लेखी दोन.

टॅग, म्हणजे फाईलला आपण जोडलेला खुणेचा शब्द, खरा कामाला येतो तो इथे. कागदात जे लिहिलेलंच नाही, ते टॅगात लिहायचं. 'कुळागर', 'वरचं घर', 'काकांचा वाटा', 'मूळ प्रत ट्रंकेत', 'बँकेला प्रत दिली'. हे शब्द फक्त आपल्या घरच्यांना ठाऊक असतात. सर्व्हे नंबर, तारीख, मामलेदार कचेरी हे सगळं कागदावर असतंच. ओसीआर नीट झालं असेल तर त्यासाठी टॅग नको.

टॅगांचं रान

माझ्या यादीत 'घर', 'घरपट्टी', 'घराचे कागद', 'घर कागद' आणि 'हाऊस' असे पाच टॅग निघाले. कधी कुठला लावला, देव जाणे. जो टॅग सगळ्यांनाच लागतो तो कुचकामी, आणि जो एकाच कागदाला लागतो तोही जवळजवळ तसाच. माझ्या मते घरच्या कागदांना दहा-बारा टॅग पुरे. ते एका कागदावर लिहून लॅपटॉपच्या झाकणाला चिकटवा, आणि नवीन सुचला की आधी त्या यादीत बघा. ज्यांना सगळं टॅग करायची हौस असते ते तिसऱ्या आठवड्यात थकतात. मी दुसऱ्यातच थकलो.

मराठी मजकूर सापडत नसेल तर

जुन्या फायली श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये असतील, तर पडद्यावर मराठी दिसते, पण आत रोमन अक्षरांचे संकेत असतात. त्या आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या मराठी अक्षरांच्या संकेतांत, बदलून घ्या. आकडेही बघा: 123 शोधलं तर १२३ सापडेलच अशी खात्री नाही. 'दुसऱ्या'मधला अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो, दिसायला सारखाच, पण आत वेगळा. असे शब्द शोधायला घेऊच नका. आणि आपली विभक्ती! 'फोंडा' शोधलं की 'फोंड्यात' निसटतं. 'फोंड' एवढंच लिहून पाहा. बरेच प्रोग्राम शब्दाच्या सुरुवातीवरून जुळवतात.

टॅग नेमका राहतो कुठे?

मॅकवर 2013पासून फाईलला टॅग लावता येतात, पण तीच फाईल पेनड्राइव्हने भावाच्या विंडोजवर नेली की तिथे ते दिसत नाहीत. विंडोजमध्ये फोटोला आणि वर्डच्या फाईलला टॅग लिहिता येतो, पीडीएफला मात्र जादा प्रोग्रामशिवाय नाही. म्हणून मी टॅग सरळ फाईलच्या नावातच घालतो: '1998 कुळागर एक-चौदा मूळ-ट्रंकेत'. वर्ष कागदाचं, स्कॅन केल्याचं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली फाईल तर त्याच दिवशी नाव बदलून ठेवावी. नुसती तारीख आणि नंबर असलेल्या नावावरून पुढच्या वर्षी काहीच आठवत नाही.

सगळं झालं की स्वतः शोधून बघू नका, आपल्याला पाठ असतं. मी काकूला बसवलं. तिने चष्मा लावून लिहिलं, 'आजोबांनी विहीर खणली तो कागद'. परवान्यावर आजोबांचं नाव होतं, पण ते आपले 'आजोबा' हे लॅपटॉपला कुठून कळणार? त्या संध्याकाळी यादीत तेरावा टॅग आला.